शेवटची गाडी किती वाजता?

"ताई, कॉलेज सोडू का?"

रात्री सव्वाअकराला धुळ्याहून हा मेसेज आला. मी पुण्यात, लॅपटॉपसमोर, सकाळी द्यायचा मजकूर रेटत बसलेले. मी काय उत्तर दिलं असेल? "जेवलास का?" आम्हा खानदेशी लोकांचं हे असंच. प्रश्न कितीही गंभीर असो, तो रिकाम्या पोटी सोडवायचा नसतो.

पण त्या रात्री प्रश्न शेवभाजीवर मिटणारा नव्हता.

विचारणारा माझा मावसभाऊ. वय २०, टी.वाय.बी.ए. कबड्डीत रेडर. मध्यरेषेवर उभा असताना तो डावीकडे जाणार की उजवीकडे, हे समोरच्यांना सोडाच, त्याला स्वतःलाही शेवटच्या क्षणापर्यंत माहीत नसावं, असे पाय चालतात. विद्यापीठाच्या संघातून खेळलाय. आणि आता एका व्यावसायिक संघाच्या युवा शिबिराचं बोलावणं आलं होतं. तीन महिने घरापासून लांब. राहणं, खाणं, ट्रेनिंग सगळं त्यांचं. पोरगा आवडला तर पुढे करार.

'आवडला तर'. सगळी गोम या दोन शब्दांत आहे. कारण शिबिराच्या बरोबर मध्यावर पाचव्या सेमिस्टरची परीक्षा येत होती.

आता जरा तुमच्या क्युबिकलमध्ये मान टेकून विचार करा. कॅम्पस प्लेसमेंट झालीय, स्वप्नातली कंपनी आहे, पण जॉइनिंग डेट फायनल एक्झामच्या आधीची आहे. आणि ऑफर लेटर? ते तीन महिन्यांनी, तुमचं काम आवडलं तर! जाल?

मी गेले होते. मास कॉमच्या शेवटच्या सेमिस्टरला एका नव्या चॅनेलची ऑफर आली, लगेच जॉइन व्हायचं होतं. मी दोन पेपर सोडले आणि गळ्यात आयकार्ड घालून मिरवायला लागले. अकरा महिन्यांत चॅनेलला कुलूप. मग मुकाट्याने परत गेले, राहिलेले पेपर दिले, डिग्री घेतली. पार्ट्यांमध्ये हा किस्सा मी 'बघा, मी कशी बिनधास्त' या थाटात सांगते. त्यातली एक ओळ मात्र सोयीस्कर विसरते. त्या परीक्षेची फी आणि मधल्या सहा महिन्यांचं रूमभाडं पप्पांनी भरलं होतं. एक शब्दही न बोलता.

माझ्या भावाचे वडील एसटीत कंडक्टर आहेत. तेही काही बोलणार नाहीत. पण त्यांचं न बोलणं वेगळं असणार.

*

हा प्रश्न फक्त धुळ्यातला नाही हो. अमेरिकेत बास्केटबॉलवाल्यांनी यावर पन्नासहून जास्त वर्षं डोकं फोडलंय. तिथे कॉलेजचं बास्केटबॉल म्हणजे केवढा मोठा धंदा. हजारो प्रेक्षक, टीव्हीचे करार, कोचला कोटींत पगार. २०२१ पर्यंत खेळणाऱ्या पोराला? स्कॉलरशिप, होस्टेल, जेवण. बस्स. आणि समोर एनबीए. वर्षातून एकदा ड्राफ्ट होतो, दोन फेऱ्यांत साधारण साठ मुलं उचलली जातात. पहिल्या फेरीत नाव आलं तर पैसा पक्का. दुसऱ्या फेरीत आलं तर काही पक्कं नाही. आलंच नाही तर राम राम.

पूर्वी नियम होता, शाळेनंतर चार वर्षं थांबा. स्पेन्सर हेवूड नावाचा खेळाडू कोर्टात गेला आणि १९७१ मध्ये निकाल त्याच्या बाजूने लागला. दार उघडलं. मायकेल जॉर्डन १९८४ मध्ये तिसऱ्या वर्षानंतर कॉलेज सोडून गेला. शकील ओ'नील १९९२ मध्ये तसाच गेला. पुढे तर पोरं कॉलेजची पायरीही न चढता थेट शाळेतून जायला लागली. १९९५ मध्ये केविन गार्नेट, १९९६ मध्ये कोबी ब्रायंट, २००३ मध्ये लेब्रॉन जेम्स. ही तीन नावं ऐकली की कुणालाही वाटेल, पुस्तकं जाळा आणि पळा!

पण याच रांगेत लेनी कूक नावाचा एक मुलगा होता. शाळेत असताना देशातल्या सर्वोत्तम खेळाडूंमध्ये त्याची गणना व्हायची. २००२ च्या ड्राफ्टमध्ये त्याने नाव दिलं. त्या रात्री त्याचं नाव कुणीच पुकारलं नाही. एनबीएचा एकही सामना तो खेळला नाही. लेब्रॉनचे पोस्टर्स घराघरांत लागले, लेनी कूक आपल्याला गूगल करावा लागतो.

मग २००५ मध्ये नवा नियम ठरला. वय १९ हवं आणि शाळा संपून एक वर्ष झालेलं हवं. लगेच पळवाट निघाली. एक वर्ष कॉलेजात काढायचं आणि जायचं. 'वन अँड डन'.

यात आपलाही एक माणूस आहे बरं का. सतनाम सिंग. पंजाबातल्या बल्लो के गावचा, सात फुटांच्या वर उंची. लुधियानाच्या अकादमीतून चौदाव्या वर्षी फ्लोरिडाला गेला आणि २०१५ मध्ये कॉलेजात न जाताच ड्राफ्टमध्ये उतरला. डॅलस मॅव्हरिक्सने त्याला ५२ व्या क्रमांकावर घेतलं. एनबीएच्या ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला भारतात जन्मलेला पहिला खेळाडू! आपण किती नाचलो होतो. पुढे? डॅलसच्या खालच्या लीगमधल्या संघात दोन मोसम, एनबीएचा सामना एकही नाही. मग कॅनडातली लीग, मग डोपिंगमुळे दोन वर्षांची बंदी, आणि नंतर अमेरिकेत प्रोफेशनल रेसलिंग. ५२ वा क्रमांक म्हणजे दुसरी फेरी. काही पक्कं नाही, हे मघाशीच सांगितलं.

तुम्ही म्हणाल, म्हणजे कॉलेज सोडू नये, असंच ना? थांबा. गंमत पुढे आहे.

जॉर्डनने १९८६ मध्ये भूगोलाची डिग्री पूर्ण केली, एनबीएत स्टार झाल्यावर. शकीलने आईला शब्द दिला होता, तो २००० मध्ये डिग्री घेऊन पाळला. आणि आज तिथे मुलाने ड्राफ्टला नाव दिलं, तरी ठरलेल्या तारखेपर्यंत ते मागे घेऊन कॉलेजात परत जाता येतं. संघांसमोर खेळून बघा, आपला भाव काय ते कळू द्या, नाही जमलं तर पुन्हा वर्गात.

दुसरी गोष्ट पैशाची. २०२१ पासून कॉलेजच्या खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिराती करून कमावता येतं. २०२५ पासून तर कॉलेजं स्वतःच त्यांना उत्पन्नातला वाटा देऊ शकतात. परिणाम काय झाला असेल? २०२१ मध्ये मुदतीआधी ड्राफ्टला नावं देणारे साडेतीनशेच्या वर होते. २०२५ मध्ये ते शंभराच्या आसपास आले. पोरं वर्गातच थांबायला लागली!

म्हणजे इतकी वर्षं 'आजकालच्या मुलांना अभ्यास नको' म्हणून जी ओरड चालली होती, ती बरीचशी फुकटच. पोरं अभ्यासाला कंटाळून पळत नव्हती. खिसा रिकामा होता म्हणून पळत होती.

*

आता परत आपल्या गावी. आपल्याकडे एनबीए नाही, पण २०१४ पासून प्रो कबड्डी आहे. पहिल्या लिलावात सगळ्यात महागडा खेळाडू होता राकेश कुमार, किंमत १२ लाख ८० हजार. २०२३ मध्ये पवन सेहरावतसाठी तेलुगू टायटन्सने दोन कोटी साठ लाखांच्या वर मोजले. त्याच लिलावात सगळ्यात खालच्या गटाची बेस प्राइस होती ९ लाख. एका मोसमाची. खालच्या गटाची! हा आकडा धुळ्यातल्या दोन खोल्यांच्या घरात कसा ऐकू येत असेल, सांगायला नको.

आणि कॉलेजमधून थेट लिलावात, हेही झालंय. २०२२ मध्ये बंगळुरूला खेलो इंडिया युनिव्हर्सिटी गेम्स झाले. तिथे कबड्डीच्या अंतिम फेरीत खेळलेल्या दोन संघांचे २४ खेळाडू त्याच वर्षीच्या प्रो कबड्डी लिलावाच्या यादीत घेतले गेले. विद्यापीठाची जर्सी घालून खेळलात, की तुमच्यावर बोली लागू शकते. अमेरिकेचा ड्राफ्ट म्हणजे तरी वेगळं काय?

उदाहरणंही लांबची नाहीत. कोल्हापूर जिल्ह्यातला सिद्धार्थ देसाई. २०१८ मध्ये यू मुंबाने ३६ लाख ४० हजारांना घेतला, पहिल्याच मोसमात दोनशेच्या वर रेड पॉइंट्स. पुढच्या वर्षी तेलुगू टायटन्सने एक कोटी ४५ लाख दिले. नगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार. पुणेरी पलटणचा कॅप्टन, २०२४ मध्ये प्रो कबड्डीची ट्रॉफी त्याच्या हातात. माझ्या भावाच्या मोबाइलचा वॉलपेपर कोण, ते ओळखलंच असेल.

पण त्याच सिद्धार्थला आठव्या मोसमात दुखापतीमुळे सुरुवातीच्या काही सामन्यांनंतरच बाहेर बसावं लागलं. खांदा, गुडघा, घोटा. कबड्डीत रेडरचं सगळं भांडवल एवढंच, आणि दर रेडला सात जण त्याच्यावर तुटून पडतात.

क्रिकेटवाल्यांचंही तेच. विरारचा पृथ्वी शॉ २०१८ मध्ये अंडर-१९ वर्ल्ड कप जिंकून आला, त्याच वर्षी आयपीएलमध्ये एक कोटी वीस लाखांची बोली. २०२४ च्या लिलावात, वयाच्या २५ व्या वर्षी, त्याला कुणीच घेतलं नाही. २०२५ मध्ये तो मुंबई सोडून महाराष्ट्राच्या संघात आला. नव्याने सुरुवात करायला त्याच्याकडे नाव तरी होतं.

आणि उन्मुक्त चंद आठवतोय? २०१२ च्या अंडर-१९ वर्ल्ड कपच्या फायनलमध्ये नाबाद १११. त्याच वर्षी हजेरी कमी म्हणून दिल्लीतल्या त्याच्या कॉलेजने त्याला परीक्षेला बसू दिलं नव्हतं. केंद्रीय मंत्र्यांपर्यंत प्रकरण गेलं, मग पुढच्या वर्षात प्रवेश मिळाला. धुळ्यातल्या मुलाच्या हजेरीसाठी कुठला मंत्री फोन करणार? सीनियर टीम इंडियातून तो कधीच खेळला नाही, २०२१ मध्ये भारतातलं क्रिकेट सोडून अमेरिकेला गेला. अंडर-१९ चा कॅप्टन! त्याचं असं होतं, तर बाकीच्यांचं काय?

*

दिवाळीला जळगावला घरी गेले. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी एसटी पकडली आणि धुळ्याला मावशीकडे पोचले. साधारण नव्वद किलोमीटर, अमळनेरच्या फाट्यावर एक चहा. घरात कोर्टच भरलं होतं.

मावशीचं म्हणणं, परीक्षा दे, शिबिरं पुढेही येतील. भावाचं म्हणणं, पुढे येत नाहीत ताई, विशीत बोलावलं तर बोलावलं. दोघंही खरं बोलत होते, हीच पंचाईत. आजी कोपऱ्यातून एकच वाक्य परत परत सांगत होती, "आधी शिकी ले रे भो."

मग कॉलेजचे स्पोर्ट्सचे सर आले. मला वाटलं, आता मोटिवेशनल भाषण. सरांनी त्याऐवजी कागद काढला आणि रेल्वे मांडली. खानदेशात भुसावळ जवळ असताना रेल्वेशिवाय कुठलीच चर्चा पूर्ण होत नाही.

"हे बघ," सर म्हणाले, "रेल्वेत खेळाडूंची भरती होते. दहावीवर गेलास तर लेव्हल १, बेसिक १८,००० पासून. बारावीवर लेव्हल २ किंवा ३. ग्रॅज्युएट असलास तर लेव्हल ४ किंवा ५, म्हणजे २५,५०० किंवा २९,२००. कामगिरीही तशी लागते. पण डिग्रीशिवाय ती लेव्हल नाही." सातव्या वेतन आयोगाचे हे आकडे सरांना पाढ्यासारखे पाठ. "पोलिसात शिपाई व्हायला बारावी चालते, पीएसआय व्हायला पदवी लागते. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण त्या पोस्टला लागणारं शिक्षण काही माफ होत नाही. सर्टिफिकेट म्हणजे अर्धी नोट आहे बाळा. डिग्री म्हणजे दुसरी अर्धी."

मला हे एवढं स्पष्ट कुणी कधी सांगितलं नव्हतं. आपण शहरात बसून 'पॅशन फॉलो कर' म्हणतो. २०२४ मध्ये पॅरिसला ब्राँझ जिंकलेला कोल्हापूरचा स्वप्नील कुसाळे मध्य रेल्वेत टीसी होता, हे आपल्याला साधेपणाचं कौतुक म्हणून आवडतं. इकडे गावात ते कौतुक नसतं, तो मार्ग असतो. हजारो मुलं खेळतात ती या मार्गासाठी. लिलाव ही लॉटरी, भरती ही पगाराची स्लिप.

आणखी एक गोष्ट सरांनी सांगितली. कॉलेजचं नाव सुटलं की विद्यापीठाचा संघ सुटतो. मग वेस्ट झोन नाही, 'अश्वमेध' नाही. म्हणजे पुढच्या लीगवाल्यांना तो दिसणार तरी कुठे? कॉलेज हा त्याच्या खेळातला अडथळा नव्हता, ते त्याचं मैदान होतं.

भावाने मान खाली घातली. मला त्याची दया आली, खरंच. मग मी माझं जर्नलिस्टचं शस्त्र काढलं. प्रश्न!

शिबिराचं पत्र लेखी आहे का? नाही, फोन आला होता. दुखापत झाली तर खर्च कोण करणार? माहीत नाही. तीन महिन्यांनी निवड झाली नाही तर तसं लेखी देणार का? माहीत नाही. परीक्षेसाठी चार दिवस सुट्टी मिळेल का?

"ताई, असं कसं विचारणार?" तो कळवळून म्हणाला. "त्यांना वाटेल, याला खेळायचंच नाही."

बघा, इथे सगळं अडतं. पहिल्या नोकरीच्या इंटरव्ह्यूला आपणही पगार विचारायला लाजतोच की. नोटीस पिरियड, बाँड, मेडिकल, सगळं नंतर कळतं. पण आपल्याला एचआर असतं, करार असतो, आणि फार तर नोकरी जाते. त्याचा गुडघा जाईल.

काका इतका वेळ गप्प होते. ड्यूटीवरून आलेले, खाकी शर्ट अजून अंगात. ते म्हणाले, "बेटा, मी तीस वर्षं तिकिटं फाडली. नवख्या गावाला उतरणारे दोन प्रकारचे लोक असतात. एक उतरतो आणि चालायला लागतो. दुसरा उतरायच्या आधी मला विचारतो, परतीची शेवटची गाडी किती वाजता? दोघंही त्याच गावाला जातात. पण रात्री स्टँडवर झोपायची वेळ पहिल्यावर येते."

कुणी काही बोललं नाही. मावशीने मला उगाचच अजून एक पुरी वाढली.

*

मग आम्ही शेवटच्या गाड्यांची यादी केली.

पहिली म्हणजे परीक्षेचा फॉर्म भरायचा, काहीही झालं तरी. जेवढे पेपर जमतील तेवढे द्यायचे, राहतील ते पुन्हा. एटीकेटी शब्दाला आपल्याकडे उगाच बदनाम केलंय, तो मुळात परतीचाच रस्ता आहे. दुसरी, नव्या शैक्षणिक धोरणातली क्रेडिट बँक. २०२१ पासून तिचे नियम आहेत. पास केलेल्या विषयांचे क्रेडिट्स तिथे जमा राहतात आणि मधे खंड पडला तरी सात वर्षांपर्यंत वापरता येतात. म्हणजे दोन वर्षांचं शिकलेलं एका शिबिराने पाण्यात जात नाही. कॉलेजच्या ऑफिसात जाऊन आपलं खातं उघडलंय का, हे मात्र ज्याने त्याने बघायचं. तिसरी, नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ. १९८९ पासून नोकरी करणाऱ्या, शेती करणाऱ्या, संसारात अडकलेल्या हजारोंनी तिथून डिग्री घेतलीय. खेळाडूने का नाही घेऊ?

आणि चौथी, सगळ्यात अवघड. शिबिरवाल्यांना फोन.

तो त्यानेच केला. मी शेजारी बसले होते, पण बोलला तोच. "सर, मी येतो. फक्त परीक्षेला सुट्टी मिळेल का?" पलीकडून काही सेकंद शांतता. माझ्याही पोटात गोळा. मग आवाज आला, "किती दिवस?" एवढंच! ज्या प्रश्नाला तो आठवडाभर घाबरत होता, त्याचं उत्तर दोन शब्दांचं निघालं. विम्याचं त्यांनी "बघू" म्हटलं. लेखी पत्र दोन दिवसांनी मेलवर आलं. सगळं मिळालं नाही, पण मागितलेलं बरंचसं मिळालं.

मला स्वतःचंच हसू आलं. चॅनेलला मी हा फोन कधी केलाच नव्हता. "दोन पेपर देऊन येऊ का?" एवढं विचारायचं होतं. कदाचित हो म्हणाले असते. मी विचारलं नाही, कारण मला धाडसी दिसायचं होतं. आणि ते धाडस परवडत होतं, कारण मागे पप्पा होते.

म्हणून आता कुणी विशीतला मुलगा 'सोडू का?' म्हणून विचारतो, तेव्हा मी हो किंवा नाही म्हणत नाही. जॉर्डनही गेला, लेनी कूकही गेला. जाणं दोघांचं सारखंच होतं. परतीची सोय सगळ्यांची सारखी नसते, आणि ज्याच्या घरी ती नसते, त्याने ती निघायच्या आधी बांधावी लागते. कॉलेजांनी, संघांनी, आपण मोठ्या भावंडांनी त्यात हात लावायचा असतो. नुसतं 'गो फॉर इट' टाइप करून झोपायचं नसतं.

तो गेला. धुळ्याच्या स्टँडवर काका सोडायला आले होते. बॅगेत नी-कॅप, चिवडा आणि इतिहासाच्या नोट्स. निवड होईल की नाही, अजून कुणालाच माहीत नाही.

परवा रात्री पुन्हा सव्वाअकराला मेसेज आला. "ताई, उद्यापासून पेपर. चार दिवस सुट्टी दिली. सोमवारी परत शिबिराला. शेवटची गाडी रात्री पावणेदहाची आहे, बघून ठेवलीय."

मी विचारलं, "जेवलास का?"